मामांची बडबड

“डावं वळण, सांभाळा! पुढे गतिरोधक... हं, गेला!”

रुग्णवाहिका चालवताना मामा नेहमीसारखे ओरडत होते. मागे सिस्टरनं सरावाच्या रबरी हाताला सुई लावली. पहिल्याच खेपेला नेमकी लागली. तिच्या शेजारी बसलेल्या परदेशी परीक्षकानं मात्र कागदावर फुली मारली.

हा साहेब दोन देशांतल्या रुग्णवाहिका चालकांची तुलना करायला आला होता आणि इथल्या चालकांची परीक्षाही तोच घेणार होता. त्याच्याकडे चालकाला नऊ महिने शिकवतात. निसरड्या रस्त्यावर मुद्दाम गाडी घसरवतात आणि सावरायला लावतात. मामांच्या हातात बावीस वर्षांपूर्वी आधीच्या चालकानं किल्ली ठेवली, ‘जपून’ म्हणाला, झालं शिक्षण! आठवडाभर साहेबाचं सगळं बोलणं सिस्टरच समजावून सांगत होती. त्याला स्वतःला इथला एकच शब्द येत होता, ‘बोला’. मामा फोन उचलल्यावर म्हणायचे तो.

गाडी थांबली. सिस्टरनं साहेबाचं म्हणणं सांगितलं.

“गाडी उत्तम चालवता म्हणे, पण तोंड बंद राहत नाही. त्यांच्याकडे एवढ्यावर नापास करतात. आणखी एक फेरी मारायची, गप्प राहून.”

मामांचा चेहरा पडला. नापास म्हणजे गाडी सुटणार आणि निवृत्तीपर्यंत चार वर्षं भांडारात कापसाच्या गठ्ठ्यांची राखण. ते मुकाट्यानं पुन्हा चालकाच्या जागी बसले.

आता साहेब स्वतः रुग्ण होऊन स्ट्रेचरवर आडवा झाला. रबरी हात बाजूला सारून त्यानं ऐटीत आपली बाही वर केली. सिस्टरनं सुई काढली. गाडी निघाली, तसा तिचा हात थांबला.

“अकरा वर्षं चालत्या गाडीत सुया लावतेय, त्या मामांच्या आवाजावर. मला इथून रस्ता दिसत नाही. ते गप्प असतील तर मी सुई लावणार नाही.”

हे तिनं साहेबाला त्याच्या भाषेत सुनावलं आणि मग मामांना ऐकू जाईल असं आपल्या भाषेतही. बावीस वर्षांत मामांना असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांचा ऊर अभिमानानं भरून आला. पण परीक्षा होती; ओठ त्यांनी घट्ट मिटूनच ठेवले.

गाडीनं गचका खाल्ला, तशी सिस्टरच्या हातातली सुई साहेबाच्या दंडाजवळ हेलकावली. साहेबानं सुईकडे पाहिलं, मग आपल्या उघड्या दंडाकडे. सिस्टरला काही न विचारता त्यानं मान उचलली आणि पुढच्या खिडकीकडे बघून जिवाच्या आकांतानं ओरडला,

“मामा, बोला!”