पान उलटल्यावर

बाबांच्या नव्या कादंबरीवर परीक्षण आलं होतं. पहिलं पान वाचूनच त्यांनी मासिक टेबलावर आपटलं.

"‘या कादंबरीत काहीच घडत नाही’ म्हणे! आणि या समीक्षकाशी तुला लग्न करायचंय?"

मुलीने मासिक उचलून त्यांच्या हातात दिलं. "बाबा, हे त्याचं मत नाही. लोकांचे आक्षेप तो आधी मांडतो, तेही त्यांच्यापेक्षा जोरात. मग एकेक खोडून काढतो. तुम्ही पान उलटलंच नाहीत."

बाबांनी पान उलटलं. वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"रविवारी चहाला बोलाव त्याला."

रविवारी समीक्षक आला. एक घोट घेऊन त्याने घसा खाकरला. "तुमची मुलगी हट्टी आहे. कुणाचं म्हणून ऐकत नाही. भांडायला लागली की समोरच्याला सळो की पळो करून सोडते. तिच्याशी संसार म्हणजे डोक्याला कायमचा ताप."

आई ताडकन उठली. बाबांनी मात्र बिस्किटांची बशी खुशीत त्याच्यापुढे सरकवली.

"अगं, बस खाली. त्याने अजून पान उलटलेलं नाही."