काळं बटण

"आडवे पाच," बॉबिनने वाचायला सुरुवात केली. "नदी उलटली की गरीब होते. पाच अक्षरं."

घड्याळजीने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. "पाच कशी? नदी उलटी वाचली की दीन. झाली दोन. उरलेल्या तीन चौकटींत काय हवा भरायची?"

एरवी मास्तर हसला असता. आज त्याने पेन्सिलने 'दीन' लिहिलं आणि पुढच्या चौकटी तशाच सोडल्या.

नौका क्लबाच्या वरच्या खोलीत तिघं बसले होते. खुर्च्यांच्या पाठीवर ओले मोजे वाळत होते. निवृत्त मास्तर आणि शिवणाचं दुकान चालवणारी बॉबिन वल्ही मारायचे. घड्याळं दुरुस्त करणारा घड्याळजी त्यांच्याकडे तोंड करून सुकाणू धरायचा. वल्हवणाऱ्यांची पाठ पुढे असते, त्यामुळे नाव कुठे चालली आहे हे एकट्या त्यालाच दिसायचं.

वल्हवून झालं की कोडं, हा रविवारचा शिरस्ता. बॉबिनच्या डब्यात दोन पांढरी आणि एक काळं अशी तीन बटणं असायची. न बघता एकेक उचलायचं. ज्याला काळं मिळेल त्याने गुपचूप पुढच्या रविवारचं कोडं रचायचं, क्लबाच्या यंत्रावर छापायचं, म्हणजे अक्षर ओळखू येत नाही, आणि टेबलावर आणून ठेवायचं. मग साळसूद चेहऱ्याने सगळ्यांबरोबर सोडवायला बसायचं. शेवटी डोळे मिटून बटणं परत डब्यात. कोणी रचलं हे कधीच फोडायचं नाही. नुसता संशय घ्यायचा, आणि त्यातच खरी गंमत होती.

"उभे दोन," बॉबिन पुढे वाचू लागली. तिचा आवाज उतरला होता. "नदी उलटली की गरीब होते."

"पुन्हा तेच?"

"हो. आणि आडवे नऊ. पाणी कापणारं वल्हं. उत्तर, वल्हं."

घड्याळजी चक्रावला. सूत्रातच उत्तर? कोडं रचण्यात या तिघांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने कागद स्वतःकडे ओढला. आडव्या बाराला सूत्रच नव्हतं. त्याने कागद फिरवून पाहिला, मागची बाजू पाहिली, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. काही म्हणजे काही लागेना. जॅकेटच्या खिशातलं आपलं बटण तो सवयीने बोटांनी चाळवत राहिला.

मग त्याला सकाळची गोष्ट आठवली. पुलाचा खांब जवळ आला तसा मास्तर वल्हं सोडून मागे वळला आणि ओरडला, "डावीकडे घे! डावीकडे!" घड्याळजी घेणारच होता. इतक्या वर्षांत मास्तरने कधी वळून पाहिलं नव्हतं. हल्ली मात्र दर चार हातांना मान मागे. ताल जातो, नाव डुलते. आणि वर तेच ते प्रश्न.

"तुझी बायको येणार आहे ना न्यायला?" मास्तरने आताच विचारलं.

"मघाशी सांगितलं की! येणार आहे. तिला वाटेत भाजी घ्यायची असते."

"बरं, बरं."

घड्याळजीने कागद बाजूला सारला. मास्तर! ज्याने त्याच्या मुलीला गणित शिकवलं, त्याच्या आजारपणात दुकानाच्या काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना थोपवून धरलं, तोच मास्तर हातचा सुटत चालला होता. भर पाण्यात याला काही सुचेनासं झालं तर? नाव उलटायला कितीसा वेळ लागतो? बॉबिनला तर धड पोहताही येत नव्हतं.

"हे कोडं ज्याने रचलं," तो म्हणाला, "त्याने यापुढे नावेत बसायचं नाही."

बॉबिनने झटकन वर पाहिलं. "घड्याळजी, असं काय बोलता! कोडंच आहे ते. एखादा आठवडा नाही जमत."

"कोडं बिघडलं तर बिघडू दे. ज्याचं डोकं असं चाललंय त्याच्या भरवशावर पाण्यात कसं उतरायचं? मला काय हौस आहे का हे बोलायची? आज बटणं टेबलावर ठेवायची."

"तसा नियम नाही," मास्तर घाईघाईने म्हणाला. त्याने डबा पुढे केला. "मिटा डोळे. टाका यात. पुढच्या वेळेपासून कोडी बंद करू. किनाऱ्यावर बसून गप्पा मारू, काय बिघडलं?"

बघा, कसा लपवतोय, असं घड्याळजीच्या मनात आलं, आणि त्याचं त्यालाच भरून आलं. "बाबा रे, आपल्या माणसांपासून काय लपवायचं? ज्याचं काळं निघेल त्याला आपण वाऱ्यावर सोडणार आहोत का? रोज जाऊ त्याच्या घरी. बसू त्याच्यापाशी. पण नावेत नाही म्हणजे नाही. शब्द दे."

मास्तरने डबा खाली ठेवला. "शब्द," तो म्हणाला. "रोज येऊ."

बॉबिनने पदराने नाक पुसलं आणि आपलं बटण टेबलावर ठेवलं. पांढरं.

घड्याळजीने मान डोलावली. ते त्याला ठाऊकच होतं. मास्तरची मूठ मात्र टेबलावर घट्ट मिटलेली होती. घड्याळजीने खिशातलं बटण चाळवणं थांबवलं, दुसरा हात त्या मुठीवर ठेवला आणि ती थोपटली.

"उघड रे. घाबरू नकोस. मी आहे ना."

मास्तरने मूठ उघडली. आत पांढरं बटण होतं.