मागाची खटखट

साकोलीच्या दुकानात आम्ही क्लाऊडवरचा, आपोआप उत्तर देणारा फोन घेतला, तेव्हा स्वागताचा निरोप आईनेच रेकॉर्ड केला. "कोशाच्या साड्यांसाठी एक दाबा, चंद्रभानजींसाठी दोन." कोशाच्या म्हणजे टसर रेशमाच्या, आणि चंद्रभानजी म्हणजे माझे बाबा. बोलताना तिने हातमाग काही थांबवला नाही. म्हणून निरोपात तिच्या आवाजामागे धोट्याची खटखट ऐकू येते.

आई गेली, तेव्हा ती माझ्यासाठी विणत होती ती साडी मागावर अर्धीच होती. बाबा म्हणाले, "राहू दे मंजू. तिच्या मागाले कोणी हात नको लावू."

तेव्हापासून मी रोज दुपारी जेवणाआधी दुकानाचाच नंबर फिरवते, तिला ऐकायला.

परवा बाबा हळूच म्हणाले, "साडी वाढून राहिली न वं."

मी हसले. पण आज मागच्या खोलीत गेले, तर मागावर पदरही विणून झाला होता.

तिथूनच नंबर फिरवला. आईचा आवाज आला. मागे खटखट नव्हती.

"कोशाच्या साड्यांसाठी एक दाबा, चंद्रभानजींसाठी दोन." एरवी निरोप इथेच संपतो; आज ती पुढे बोलली.

"झाली वं माय तुझी साडी. घडी घालाले दोघी लागतात. तीन दाब."