जगणाऱ्यांची नावं

गळ्याशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर उरलेसुरले दातही पडू देत माझे.

तर, कसाई दवाखान्यातून परत आला तो चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरला. बायको मटार सोलत बसली होती.

"काय म्हणाला डॉक्टर?"

"काही नाही. ठणठणीत आहेस."

"मग तपासणीचे कागद कुठायत?"

"राहिले तिथंच," म्हणाला, आणि मदतीला बसला. मटार टाकले सालांत आणि सालं टाकली पातेल्यात.

कसाई म्हणजे खराखुरा नव्हे हो. झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढणारा माणूस. रहस्यकथा लिहायचा. दर पुस्तकात तीन-चार मुडदे पाडायचा, म्हणून छापखानेवाल्यानं चेष्टेनं हे नाव पाडलं आणि ते गल्लीभर झालं.

खोकला बायकोला होता, काही केल्या जात नव्हता. डॉक्टर म्हणाला, आलाच आहात तर दोघांच्याही तपासण्या करून टाका. कसायाला आयुष्यात कधी शिंकसुद्धा आली नव्हती, पण सोबत म्हणून त्यानंही हात पुढे केला. सुई टोचताना डोळे मिटले, ते कापूस लावून झाला तरी उघडेनात. बायको खोकत खोकत हसली होती.

कागद आणायला मात्र तो एकटाच गेला.

त्यानंतर घराची कळाच गेली. कसाई लिहायला बसायचा आणि नुसता बसूनच राहायचा. एक दिवस वरच्या फळीवरचे डबे, जे नेहमी तोच काढून द्यायचा, ते सगळे त्यानं तिच्या हाताशी आणून मांडले. "स्टुलावर चढायचं नाही यापुढं," म्हणाला. मग मुलीला फोन. "ये काही दिवस. आईला सोबत होईल."

बायको काय समजायचं ते समजली. विचारलं की तेच, ठणठणीत. खुनी कोण ते शेवटच्या पानापर्यंत दडवणारा माणूस! त्याच्या पोटातलं काय काढणार?

पण तिच्याकडे एक वाट होती.

लग्नाच्या नव्या नवलाईत त्यानं गोष्टीतल्या एका पोरीसाठी तिच्याकडे नाव मागितलं. तिनं हौसेनं आपल्या जिवलग मैत्रिणीचं दिलं. यानं तिसऱ्याच प्रकरणात त्या पोरीला विहिरीत ढकललं. पुढं कितीतरी दिवस घरात अबोला! तेव्हा ठरलं: गोष्टीत जे जगणार त्यांची नावं तिनं ठेवायची. जे मरणार त्यांची त्यानं आपली आपण ठेवायची, तिला विचारायचं नाही. पुस्तकामागून पुस्तकं झाली. जगाला फसवून पोट भरणारा हा माणूस, पण त्या बाबतीत त्यानं तिला एकदाही फसवलं नाही.

एका दुपारी ती तांदूळ निवडत असताना तो कागद घेऊन तिच्यासमोर येऊन बसला.

"नवी गोष्ट?" तिनं विचारलं.

"हो. म्हातारा-म्हातारीची."

"त्यात कुणाचा मुडदा पाडलात?"

"खून नाहीये गं. आजारपण आहे."

तिचे हात थांबले.  मग खोकल्याचं निमित्त करून तिनं तोंड फिरवलं आणि हळूच म्हणाली, "म्हातारीचं नाव ठेवलंत?"

कसाई खिडकीकडे बघत होता.

"नाही. ते तू ठेवायचंस."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हमसाहमशी रडली. इतके दिवस गिळून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. तो पाठीवरून हात फिरवत राहिला.

"मग माझंच ठेवा!" नाक ओढत ती म्हणाली. "बघतेच कशी मारता."

"बघ हं. म्हातारीला पुष्कळ जगायचंय."

"जगेल की! चांगली नव्वदी गाठेल. तुमच्या डोक्यावर मिरे वाटत."

"वाट," तो म्हणाला.

"अन् म्हाताऱ्याचं काय?" डोळे पुसत तिनं विचारलं. "त्या बिचाऱ्याला बिननावाचा ठेवणार?"

"तेही तूच ठेव," कसाई म्हणाला, आणि चहा टाकायला उठला.

झालं. एवढीच गोष्ट.

शब्द न् शब्द खरा, सांगितलं ना! बरं बाई, असं रोखून बघू नका. एक वाक्य माझ्या पदरचं आहे. तुम्हाला झोप लागावी म्हणून घातलं. 'तेही तूच ठेव' असं तो म्हणाला नाही.

"ते ठेवलंय मी," म्हणाला.