पाहुणे येणार म्हणून

माहेरहून परतलेली थोरली सून बांधावर चढली आणि तिथेच थांबली. तिचं शेत जळून काळं पडलं होतं.

धाकटा दीर फावड्यावर हात टेकून उभा होता, नवं घर दाखवणाऱ्या माणसाच्या खुशीत. "कसं लख्ख केलंय बघ, वहिनी. उद्या एवढी मोठी माणसं येणार. त्यांना काय कचऱ्यात उभं करायचं?"

कचरा म्हणजे पाचोळा, कापलेलं गवत, शेंगांची टरफलं. वर्षानुवर्षं जमवून तिने त्याचं जाड पांघरूण मातीवर घातलं होतं. गेल्या उन्हाळ्यात आजूबाजूची रानं भेगाळली, उभी पिकं करपली. या पांघरुणाखाली हात घातला तर ओल लागायची. पाहुणे तेच बघायला येणार होते. आणि आता ऊन पुन्हा तापायला लागलं होतं, घेवडा टाकायचा होता, अन् माती उघडी पडली होती.

ते काय बघायला येणार आहेत हे तरी ठाऊक आहे का, असं तिने विचारलं. शेत बघायला, आणखी काय, असं दीर म्हणाला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पाण्याच्या पाइपाला न पडलेला पीळ सोडवत बसला होता. या माणसांवर ओरडायचीसुद्धा तिला किळस आली.

सकाळी कुणीतरी फोनवर समजावल्यावर दिराच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने दुसऱ्याच्या शेतातला पेंढा आणून अंथरला, पाहुणे चालतील तेवढ्याच पट्ट्यात. पेंढ्याला तणनाशकाचा उग्र दर्प होता. तिने तसं म्हटल्यावर तो हसला. पाहुणे वास घ्यायला नाही, फोटो काढायला येतात, म्हणाला. त्यात त्याचं काही चुकलं नाही.

पाहुणे आले आणि पेंढ्यावरून चालले. कुणी पट्ट्याबाहेर पाऊल टाकलं नाही. बूट काळे झाले असते. "आमच्या घराण्यात मातीला कधी उघडं ठेवत नाहीत," दीर सांगत होता. वाक्यं तिचीच होती, मध्ये श्वास घ्यायच्या जागासुद्धा तिच्याच. पाहुण्यांच्या प्रमुख बाई मान डोलावत होत्या.

मग फोटोग्राफरला ओंजळभर माती हातात घेतलेली घरची बाई हवी झाली. दिराने वहिनीला पुढे केलं. ती पट्टा सोडून जळक्या भागात गेली, वाकली आणि ओंजळ भरून कॅमेऱ्यासमोर धरली. राखट मातीवर एक गांडूळ होतं, आक्रसून कोळसा झालेलं.

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. "ताई, तेवढं काढता का? घाण दिसतंय."

"परवापर्यंत जिवंत होतं," ती म्हणाली. "घरच्यांनीच जाळलंय."

प्रमुख बाई घड्याळात बघायला लागल्या. नवरा खाली मान घालून उभा राहिला. दीर मात्र मोकळेपणाने हसला, आमच्या वहिनींना थट्टेची भारी सवय, असं सगळ्यांना सांगत पुढे आला. लग्नघरात नवरीच्या पदरावरचा केस काढावा तसं त्याने ते गांडूळ हलकेच दोन बोटांनी उचललं, लांब भिरकावलं आणि बोटं पेंढ्याला पुसली.

"हं," तो म्हणाला, "आता काढा."