वगदीसाहेबांचे सगळे अधिकार

“देऊन टाक त्या स्क्रिप्टला सगळे अधिकार!” मॅनेजर वगदी ओरडले. त्यांच्या हातातल्या सँडविचमधली तिळाची ताहिनी टपकन नरमीनच्या कीबोर्डवर पडली.

पडद्यावर लाल अक्षरंच अक्षरं. सॉफ्टवेअर बांधायचा प्रयत्न, म्हणजे बिल्ड, पुन्हा पडला होता. दुपारी पोर्ट सईदचे ग्राहक येणार आणि त्यांना दाखवायचं सॉफ्टवेअर अजून तयारच होत नव्हतं. अडून बसली होती एक उसनी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम. कुणा अनोळखी माणसाने लिहिलेली, इंटरनेटवरून आणलेली. तिचा हट्ट एकच: मला या यंत्राचा मालक करा, तरच काम करीन.

असा परका कोड नरमीन नेहमी सँडबॉक्समध्ये चालवायची. सँडबॉक्स म्हणजे संगणकातली कोंडलेली खोली. आत भांडी फोडा, भिंती पाडा. बाहेर ओरखडाही उठत नाही. पण त्या खोलीत मालकी कुणालाच मिळत नसे.

“उस्ताज, हिला खरी मालकी दिली तर ही आपलं घर धुऊन नेईल. शेवटची ओळ वाचा ना! ‘काम झालं की सगळं पुसून टाक.’ सगळं म्हणजे कुठलं, ते लिहिलेलंच नाही!”

“इंजिनियरबाई, मला वाचायला लावू नकोस. ग्राहक येईपर्यंत बिल्ड झाला नाही, तर उद्यापासून घरी बसून आईला मुलूखियाची भाजी निवडून दे.”

नरमीन खिडकीशी गेली. खाली गाड्या लावणारा माणूस एका खटारा गाडीवाल्याला ओरडून सांगत होता, “मागे घे, बाशा! अजून मागे, बाशा!” तिला हसूच फुटलं. कैरोत कुणालाही बाशा, म्हणजे सरदारसाहेब, म्हणायला कुणाचं काय जातं? म्हटल्याने कुणाला महाल थोडाच मिळतो!

तिने खोलीला पढवलं. आतल्याने विचारलं ‘मी कोण?’ तर सांगायचं, ‘तूच मालक!’ आत मालक, बाहेर कुत्रं विचारणार नाही. स्क्रिप्ट अशी फुलली की विचारू नका. मुकाट कामाला लागली. तयार सॉफ्टवेअर नरमीनने बाहेर काढून घेतलं, आणि मग बाईसाहेबांनी खरंच सगळं पुसलं. त्या खोलीतलं.

ग्राहक खूश होऊन गेले. वगदी त्यांच्याहून खूश.

“बघितलंस? अधिकार दिले, काम झालं! पण काय गं, उसन्या स्क्रिप्टला मालकी, आणि मी मॅनेजर असून काहीही दाबलं की ‘परवानगी नाही’? आत्ताच्या आत्ता मलाही सगळे अधिकार दे!”

“सगळे?”

“सगळे!”

“जशी आज्ञा, बाशा,” नरमीन म्हणाली. आणि तिने दिले.

चहा निवायच्या आत वगदींच्या केबिनमधून किंकाळी आली. नरमीन धावली. साहेबांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

“मी फक्त जुन्या फायली आवरत होतो गं! सगळं गेलं. ग्राहक, पगार, सगळं! कंपनीच्या मालकीणबाई मला जिवंत सोडायच्या नाहीत. बेटा, काहीतरी कर, तुला अल्लाची शपथ!”

नरमीनने खुर्ची ओढली. चेहरा गंभीर केला. मोठा उसासा टाकला. बराच वेळ उगाचच कीबोर्ड बडवला, मध्येच कपाळावरचा नसलेला घाम पुसला. मग एक कळ दाबून साहेबांना त्याच कोंडलेल्या खोलीतून बाहेर काढलं. सगळं जागच्या जागी!

वगदींनी तिला ओढतच मालकीणबाईंसमोर नेलं. “आज मोठा अनर्थ टळला, मॅडम. चूक कुणाची, त्यात आपण नको शिरायला. पण वल्लाही, ही पोरगी नसती तर आज आपली कंपनी नसती!”

मालकीणबाईंनी तिथल्या तिथे नरमीनला बढती दिली: केसालाही धक्का न लागलेली कंपनी बुडता बुडता वाचवल्याबद्दल.