मॅन्युअलवर घेतलेलं गाणं

मालतीबाईंना अलीकडे विसर पडू लागला होता, म्हणून त्यांची मुलगी नूतन बमरोलीच्या घरात, भर दुपारी, त्यांची अहिराणी लग्नगीतं नव्या कॅमेऱ्यावर घेत होती.

पण कडवं सुरू झालं की पडद्यावर आईचा चेहरा पांढराफटक व्हायचा. समोर काही काळं आलं की कॅमेरा आपणहून चित्र उजळ करतो, हे नूतनला ठाऊक होतं. समोर मात्र फक्त सोफ्यावर बसलेली आई आणि पिवळी भिंत होती.

“आई, हलू नकोस गं!” चौथ्यांदा ती वैतागली.

“मी कोठे हालस?”

अर्धा तास मेनू चाळून एकदाचा व्हिडिओसाठी मॅन्युअल मोड सापडला. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, उजेडाचं सगळं तिने हाताने पक्कं केलं.

“आता बदलून दाखव!” ती कॅमेऱ्यावर खेकसली.

आईने गाणं धरलं. या वेळी चेहरा उजळला नाही. पडद्यावर आईच्या शेजारी, सोफ्यावर, माणसाएवढा काळोख हळूच बसला.

नूतनने मान वर केली. आईच्या शेजारची जागा रिकामी होती.

मालतीबाईंनी मात्र सरकून जागा करून दिली.

“नूतन, तू बी सरक,” त्या म्हणाल्या. “तुना मांगे अजून तिघी उभ्या शेतस.”